दारात एक ओ कमी

१७ मार्च, सोमवार
मोनाली माहेरी जाऊन दोन आठवडे झाले. तिच्या भावाचे, पियुषचे, लग्न आटोपले, मांडवही निघाला. ती आली नाही. कारण उघड आहे. तिच्या माहेरी, पोंभुर्ण्याकडे, मोहफुले पडायला लागली आहेत. सासूबाईंना वेचायला माणूस हवे असणार. भांडणाचा काही संबंध नाही.

तसे भांडण नव्हतेच. तिने सोयऱ्यांच्या ग्रुपवर 'माह्या भाऊच्या लगनाले सारे या' असे लिहिले. मी चुकांना लाल गोल करून शुद्ध मजकूर त्याच ग्रुपवर टाकला, एवढेच. मी सिंदेवाहीत फ्लेक्सच्या दुकानात मजकूर बसवतो. हे माझे कामच आहे. जाताना ती म्हणाली, "तुमाले बायको नाई, पाटी पायजे होती. लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली."

तिला मोबाइलवर गेम खेळायला फार आवडते. संकल्प: पाडव्यापर्यंत तिच्यासाठी स्वतः गेम बनवणे. विकतचा कोणीही देतो.

१८ मार्च
यूट्यूबवर हिंदीत शिकवणारा एक जण सापडला. पहिल्याच वाक्यात म्हणतो, "बिल्कुल आसान है." माझाही तोच अंदाज होता. प्रत्येक वस्तूला इंग्रजी नाव द्यायचे आणि त्या नावाने हुकूम लिहायचा. माझी बारावी इंग्रजीमुळेच राहिली, पण इथे चार शब्दांचे काम आहे.

खेळ असा: मोनाली जंगलात मोहफुले वेचते, वाघाला चुकवते, आपल्या घरी येते. दाराला हात लावला की दार उघडते. ती म्हणते, "मी घरी आले." मुद्दा तिच्या लक्षात येईलच.

२० मार्च
आजचा दिवस फुलात गेला. एक वेचले की पडद्यावर 'फूल', फू दीर्घ. दोन वेचली की 'फुले', फु ह्रस्व. कोणी पाहो न पाहो, नियम तो नियम. जमवले.
मोनाली अजून चालत नाही.

२२ मार्च
मोनाली चालते. आकाशातून.

२३ मार्च, रविवार
मोनाली जमिनीवर उतरली. फोटो आमच्या लग्नातला घेतला, त्यामुळे ती मुंडावळ्या बांधून मोहा वेचते.
वाघही मिळाला. दुकानातल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्समधून कापून घेतला. त्यात वाढदिवसवाल्याने वाघाच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात काही केल्या निघत नाही. अंगठ्या घातलेला हात पाठीवर घेऊन वाघ जंगलात फिरतो. लहान पडद्यावर दिसणार नाही.

२५ मार्च
दुकानाचे मालक लटारूभाऊ रागावले. एका बारशाच्या बॅनरच्या कोपऱ्यात गेममधले 'फुले: ०' छापून गेले. गिऱ्हाईक बॅनर घेऊन परत आले आणि म्हणाले, "आमच्या पोराले पैल्याच दिवशी शून्य काऊन देल्लं?" व्याकरणाने मजकूर बरोबर होता.

गिऱ्हाईक गेल्यावर भाऊंनी विचारले, "अंकुश, तू दिवसभर काय करून राह्यला बे?" सगळे सांगितले. वाघही दाखवला. ते हसत सुटले. म्हणाले, "चित्र काढून बायको येते काय? पोंभुर्ण्याचं तिकीट काढ ना."
त्यांना तंत्रज्ञान समजत नाही.

२६ मार्च
माहेरी फोन केला. सासूबाईंनी, गुणाबाईंनी, उचलला. "जवाईबापू, पोरगी मोहा येचाले गेली." परत कधी येणार, असे विचारले. म्हणाल्या, "मोहा सरल्यावर पाहू."
म्हणजे मोहाचेच कारण आहे. मी म्हणत होतोच.

२९ मार्च
गेम पूर्ण झाला. सगळा मराठी मजकूर पुन्हा पुन्हा तपासला. एकही चूक नाही. फक्त दार तपासायचे राहिले, कारण वाघ मला तिथवर पोहोचूच देत नाही. पण दाराला हुकूम एका ओळीचा आहे. त्यात काय चुकणार?
मोनालीला पाठवला. सोबत लिहिले: 'पाडव्याची भेट. खेळून पाहा आणि घरी ये.'

३० मार्च, पाडवा
एकट्याने गुढी उभारली. उत्तर नाही. तिकडे रेंजसाठी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जावे लागते. सणाच्या दिवशी पाळीवर कोण जाईल?

२ एप्रिल
मोनालीचा व्हॉइस मेसेज आला! मागे खूप जण हसत होते. "गेम भारी हाये जी. सारे खेळून राह्यले. आई तं माहा फोनच सोडत नाई. पण वाघाच्या पाठीवर हात कोणाचा हाये?"
आवाजात राग अजिबात नव्हता. खोली झाडली. चादर बदलली. गॅस भरून आणला.

५ एप्रिल
अजून खेळतच आहेत. गुणाबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "जवाईबापू, हा मोहा बरा. कंबर दुखत नाई." मोनालीच्या येण्याचा विषय काढला, तर म्हणाल्या, "तिले अगुदर तुमच्या दारापाशी तं पोचू द्या. वाघ लय हरामी केला तुमी."
वाघ सोपा करायला हवा होता.

७ एप्रिल
मोनाली दारापर्यंत पोहोचली. दार उघडले नाही.
हे तिने सोयऱ्यांच्या ग्रुपवर कळवले. पडद्याचा फोटो टाकला. त्यावर इंग्रजीत सूचना आली आहे की या नावाची वस्तू सापडली नाही. दाराचे इंग्रजी नाव मी एका ठिकाणी दोन ओ घालून लिहिले होते, दुसऱ्या ठिकाणी एकच. तिने त्या जागेला लाल गोल केला आणि खाली लिहिले, 'दारात एक ओ कमी हाये. शुद्धलेखन पाहून घेत जा जी.'
सगळ्या सोयऱ्यांनी अंगठे दाखवले. पियुषने वाघ पाठवला.
इंग्रजीतली चूक शुद्धलेखनात धरत नाहीत.

८ एप्रिल
ओ घातला. पुन्हा पाठवला. सोबत 'क्षमस्व'.

९ एप्रिल
मोनालीचा फोन आला. पाळीवरून बोलत असावी, वारा ऐकू येत होता. दार उघडले म्हणाली. मग म्हणाली, "ते बाई 'मी घरी आले' म्हणते. मी असं कुठी बोलतो? मी 'आलो' म्हणतो." मी सांगितले की स्त्रीलिंगात 'आले' हेच बरोबर.
मग म्हणाली, "बाहेर तं सारं हाये. फुलं हायेत, झाडं हायेत, वाघ हाये. घरात पाय ठेवला का अंधार. अन पडद्याच्या मंधात लिहिलं, खेळ संपला. मंग मी काऊन येऊ जी?"
मी म्हटले, नवीन आवृत्ती पाठवतो.
फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

१० एप्रिल
संकल्प: घर आतून बनवणे. तिची तक्रार रास्त आहे. घराला आतला भाग हवा.
आधार म्हणून आमच्या खोलीचा फोटो काढला. टेबल, माझी खुर्ची, खाट, भिंतीवर माझा शब्दकोश. खुर्ची एकच आली. दुसरी घरात नाही. मग मोनाली कुठे बसायची? दुपारपर्यंत आठवत राहिलो. उंबऱ्यावर, बहुतेक.
लटारूभाऊंनी विचारले, "तिकीट काढलं का बे?" म्हटले, आधी खुर्ची काढतो.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी मोनालीचा मेसेज आला. फक्त मला, ग्रुपवर नाही. 'मोहा सरला. मी इथीच आहो.'
'इथीच' नाही, 'इथेच'. 'आहो' नाही, 'आहे'. लाल गोल केले. पाठवले नाहीत. फोन ठेवला आणि खुर्चीच्या कामाला लागलो.

दुसरी खुर्ची पूर्ण झाली. मोनालीसाठी खोलीत खिडकीजवळ ठेवली. दार आता अगदी नीट उघडते. ते उघडल्याबरोबर वाघ आत आला आणि तिच्या खुर्चीवर बसला. हात पाठीवर आहेच.
सगळे हुकूम देऊन पाहिले. उठत नाही.