टाकीवरचा डाग

दादा, तुमच्या पाण्याच्या टाकीला डाग पडला आहे. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, तेव्हा याचा तुम्हाला काही उपद्रव नाही. मला आहे. माझं स्वयंपाकघर तिच्या समोर आहे. लातुरात घर घेताना एजंटाने बागेसमोरचं दाखवलं होतं, आणि मी हट्टाने टाकीसमोरचं घेतलं, कारण ती माझ्या बापाने उभी केली होती. लोक देवळाच्या कळसाकडे बघून दिवस सुरू करतात, मी टाकीकडे बघून.

कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झाले तेव्हा मला शाल, नारळ आणि न मागितलेला पुष्कळ सल्ला मिळाला. पुण्याची लेक म्हणाली योगा कर, शेजारच्या काकू म्हणाल्या भजनाला या. मला दोन्हीकडे डोळे मिटून बसावं लागलं असतं, आणि डोळे मिटायला मी अजून म्हातारी झालेली नाही. म्हणून रंग आणले. रोज सकाळी चहाच्या आधी एक कागद, असा नेम केला. चहा आधी झाला की पेपर येतो, पेपर आला की राग येतो आणि रेघ वाकडी जाते, हे आठवड्याभरात कळलं. आधी नुसती पेन्सिल, मग पाणी आणि रंग. नांदेडच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरने शिकवलेलं बोटांना आठवत होतं: आधी फिकं, मग गडद, आणि पांढरं कधी रंगवायचं नाही, कागदाचंच राखायचं. ओट्याशी बसून खिडकीतून दिसते ती टाकीच, म्हणून टाकीच काढत गेले. चार खांब, वर गोल पोट, आणि खाली खांबांच्या सावलीत पत्रे ठोकून केलेली अंगणवाडी.

पहिल्या पावसाळ्यात पोटाखाली तपकिरी ओघळ दिसला. मी तो चित्रात काढला नाही. माझ्याच चष्म्याचा मळ असेल, उन्हाची तिरीप असेल, असं समजून रोज ती जागा पांढरी राखत गेले. असं का, ते तुम्हाला सांगायला नको. मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला घेऊन इथे तुमच्या कामावर आली होती. पत्र्याच्या खोलीत तीन दगडांची चूल आहे, आई भाकरी थापते आहे, आणि मी दारात बसून तुमची अर्धी झालेली टाकी रंगवते आहे. पाणी गढूळ झालं होतं, ब्रशचा तपकिरी थेंब खांबावर ओघळला. तुम्ही जेवायला आलात, हातापायाला सिमेंट, आणि चित्र उचलून बघितलंत. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, "माझ्या कामाला डाग न्हाई. धू त्ये." मी धुतलं. धुता धुता कागद फाटला, तरी तुम्ही थांब म्हणाला नाहीत. आई म्हणाली, "लेकराचं चित्र हाय ते, तुमची टाकी न्हाई." तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्या ताटाशेजारी रंगपेटी ठेवलेली होती. तुम्ही तोंड फिरवून भाकरी मोडत होता. गावाबाहेरच्या वस्तीतून निघून, विटा वाहता वाहता मिस्त्री झालेल्या आणि मुलीला कॉन्व्हेंटात घालणाऱ्या माणसाला डाग का खपत नव्हता, हे मला पुष्कळ पुढे कळलं. पण कागद फाटला तो फाटलाच.

तर बापाचा शब्द मी या वयात पाळला, नको तिथे. दिवाळीनंतर उजेड स्वच्छ झाला तेव्हा लाज वाटली, आणि दिसतं ते काढू लागले. मग एक दिवस रंगांच्या दुकानात गेले आणि पुन्हा तीच नळी मागितली, मातकट तपकिरी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोकांचा निळा आधी सरतो. तुम्ही काय डोंगर रंगवून राहिल्या का?" मी घरी आले आणि सगळे कागद फरशीवर ओळीने मांडले. पंखा बंद करून उभी राहिले. दिवाळीनंतरच्या पहिल्या कागदावर डाग रुपयाएवढा होता. पुढे तो खाली उतरला, खांबाला लागला, खांबाच्या कोपऱ्याने रेघ धरली. शेवटच्या कागदावर कोपराच निघालेला होता आणि आतल्या सळया दिसत होत्या. मी त्या काढल्या होत्या, सावली म्हणून. रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही, दादा. कागदाला दिसतं.

मी तोंड आवरणारी बाई नाही. कागदांची गुंडाळी काखेत मारून पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे गेले. पोरगेलासा माणूस. चित्रं बघून म्हणाला, आजी, छान काढता. मी म्हटलं, तुमच्या कौतुकासाठी रिक्षा करून आले नाही. मग त्याने दार लोटलं आणि खरं ते बोलला.

"मला ठाऊक हाय. तुम्ही लेखी दिलं, तर आजच टाकी बंद करतो. पण नवी होईपर्यंत तुमच्या भागाला टँकर. किती वर्षं, ते मला इचारू नका."

"आणि लेखी नाही दिलं तर?"

"तर मी ही चित्रं बघितली न्हाईत."

लातुरात टाकी बंद म्हणजे काय, ते गल्लीला सांगावं लागत नाही. इथे आठवड्याने पाणी सुटतं, कडक उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि त्या दिवशी लग्नं असली तरी बायका घर सोडत नाहीत. बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली होती. काकू पायरीवर येऊन बसल्या. भजनाचा सूर नव्हता. "बाई, फुलं काढा की, कोण नको म्हणतं? टाकीच्या मागं कशाला लागून राहिल्या?" अंगणवाडीच्या ताईंना मी सळया दाखवल्या. त्या पदराने मान पुसत म्हणाल्या, "दिसतंय की मला. रोज सिमेंटच्या खपल्या झाडते मी. पण एवढ्या उन्हात लेकरं कुठं बसवू, सांगा." माझ्या ओसरीत बसवा म्हटलं. वरून हुकूम आल्याशिवाय जागा बदलता येत नाही, म्हणाल्या, आणि हुकूम यायला टाकी धोक्याची आहे असं कुणीतरी लेखी द्यावं लागतं. म्हणजे फिरून मीच. चिडून मी सगळ्यांना भित्रे म्हटलं, तोंडावर म्हटलं. काकूंनी तेव्हापासून माझ्याकडे बघणं सोडलं आहे.

अर्ज मी काल लिहिला. साहेबाने विचारलं होतं, कुणी बांधली ही, काही माहिती? मी नाही म्हटलं. तुमचं नाव त्या डागाशेजारी यायला नको होतं. तुमचं काम चांगलं होतं की नाही, मला माहीत नाही. वाळू कुणी दिली, सळई कुणी चोरली, की इतक्या वर्षांत कुठलंही काम असंच खचतं, हे सांगायला तुम्ही नाही आहात. मला एवढंच दिसतं की पंप सुरू झाला की खिडकीची काच गुणगुणते. आधी गुणगुणत नव्हती.

आज ऊन चढायच्या आत कचेरी गाठायची म्हणून साडी नेसून तयार बसले होते. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, पाणी सुटलं. आज पाण्याचा दिवस नव्हता. टाकीचं पोट काठोकाठ भरलेलं असणार, ओघळ ओला होऊन काळा दिसतो आहे. खाली अंगणवाडीत लेकरं जोरजोराने गाणं म्हणत आहेत. अर्ज पिशवीत आहे, चपला पायात आहेत. आणि मी ओट्याशी बसून तुम्हाला हे लिहिते आहे. मागे मोरीत माझा नळ पिंपात सोडलेला आहे, ब्रश बुडवायचा पेलासुद्धा त्याच पाण्याने भरून घेतला. काकूंना भित्र्या म्हणणारी मीच ती.

पिंप अर्ध्यावर आलं आहे, दादा. भरलं की निघते.