दीपगृहाचं दार चुकलं आहे

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कमरेने परवानगी दिली तेवढाच). तुझे गुडघे काय म्हणतात, भावजींचा खोकला थांबला का, ते सविस्तर कळव. इकडे सगळे मजेत. बाबाही ठीक आहेत, म्हणजे जेवतात, गोळ्या घेतात आणि मी बनवून दिलेला चष्मा सोडून घरातला कुठलाही चष्मा लावतात. (अख्ख्या गावाला नजर देणारा मी चष्मेवाला, आणि माझे वडील माझ्या बायकोच्या चष्म्यातून पेपर वाचतात!) बोलत मात्र नाहीत. आई गेल्यापासून दिवसाला सात-आठ शब्द, त्यातले तीन 'मीठ कमी आहे' हे.

तर गेल्या महिन्यात पेपरात आलं की सरकारी टांकसाळ जुन्या दीपगृहांची चांदीची नाणी काढते आहे, मोजकी दोन हजार, माणशी एक. आणि त्यात आपलं दीपगृह! (आपलं म्हणजे तुमचं. माझ्या जन्माआधीच बाबांची तिथून बदली झाली, त्यामुळे मला ते फक्त ऐकून पाठ.) मी ठरवलं, बाबांना द्यायचं, आणि आधी काही बोलायचं नाही. विक्री संगणकावर, सकाळी ठीक दहाला. त्याच वेळी माझ्या खुर्चीत एक शिक्षिकाबाई डोळे तपासायला बसलेल्या. पडद्यावर माझा रांगेतला नंबर आला चार हजार तीनशे सोळा. बाई समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचताहेत, मी नंबर वाचतोय. तो एकदम नऊशेवर आला तसा मी ओरडलो, "वा, वा!" बाईंना वाटलं, आपली नजर सुधारली. बिचाऱ्या शेवटची ओळ अंदाजाने ठोकून, चष्मा न करता आनंदात निघून गेल्या. (दुसऱ्या दिवशी घरी जाऊन त्यांना परत बोलावून आणलं.) मग आला फॉर्म. 'खरेदीचे कारण: गुंतवणूक, संग्रह, इतर.' मी 'इतर' दाबलं तर म्हणे खुलासा करा. लिहिलं, 'वडील तिथे दिवा लावायचे.' घाईघाईत आणखी दोन-चार बटणं दाबली आणि 'मागणी नोंदवली' असं आलं. मी बायकोला फोन करून स्वतःचं कौतुक करून घेतलं.

दहा दिवसांनी पार्सल आलं. आत निळ्या मखमलीची सुरेख डबी आणि नाणं अस्सल असल्याचं प्रमाणपत्र, सहीशिक्क्यासकट. नाणं नाही! टांकसाळीत फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, "डबी फुटलीय का?" म्हटलं, "डबी उत्तम आहे हो, पण रिकामी आहे." "तुम्ही डबीच मागवलीय. नाणं वेगळं मागवायचं होतं." आणि नाणी तर त्याच दिवशी संपलेली. त्यांनी तेवढ्यात माझा फॉर्म उघडला असावा, कारण आवाज बदलला. "वडील खरंच तिथे होते?" "एकवीस वर्षं." "थांबा जरा." कुणीतरी पत्ता चुकवल्यामुळे परत आलेलं एक नाणं त्यांनी माझ्या नावावर लावून दिलं. आक्का, सरकारी कचेरीबद्दल मी आजवर जे जे बोललो ते त्या बाईंपुरतं मागे घेतो.

नाणं आलं. मी ते दुकानातल्या भिंगासकट बाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी खिडकीशी जाऊन पाहिलं, खूप वेळ पाहिलं. आता ते काय म्हणतील याची मी वाट बघतोय. म्हणाले, "दार चुकलंय." आणि तिथेच बसून मला तक्रारीचा मजकूर सांगितला, दोन पानं! (मी मोजत नव्हतो, पण वर्षभराचे शब्द असतील.) मी ते लिहून टांकसाळीला पाठवून दिलं.

आठवड्याने ज्यांनी ते चित्र कोरलं त्या कारागीर बाईंचाच फोन. मी स्पीकर लावून तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी कबूल केलं, जुन्या फोटोत दार मागे होतं, नाण्यावर दिसावं म्हणून समोर आणलं. बाबा म्हणाले, "समोर समुद्राचा वारा. तिथलं दार एकदा उघडून दाखवा, मी तुमचा सत्कार करतो." पलीकडे बाई हसल्या आणि आक्का, बाबाही हसले. पाऊण तास बोलत होते. वात कशी कापायची, काचा कशाने पुसायच्या, धुक्यात घंटा कशी द्यायची. मी दाराशी उभा राहून ऐकलं. यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं.

असो. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच, म्हणजे धीर होत नव्हता. नाण्यावर भिंतीच्या कडेला केसाएवढी एक दोरी आहे आणि तिच्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. कारागीर बाई म्हणाल्या, फोटोत होतं, पुसवेना. ते काय आहे, असं त्यांनी विचारलं. बाबा ताबडतोब म्हणाले, "आमच्या थोरलीचा फ्रॉक." आणि मग फोन माझ्याकडे देऊन आत गेले. आईचं शिवणयंत्र त्यांनी तुला न विचारता देऊन टाकलं, ते चुकलंच. तू तीन वर्षं आली नाहीस, तुझंही मला समजतं. पण ये. नाणं बघायला म्हणून ये, त्यांना बघायला म्हणून नको येऊस.

ता. क. दुसरा: पाकीट चिकटवायच्या आत बाबांनी पत्र ओढून घेतलं आणि सगळं वाचलं (मी बनवून दिलेल्या चष्म्यातून!). मला वाटलं फाडतील. फक्त एवढंच लिहायला सांगितलं: चांदीत कळत नाही, पण फ्रॉक पिवळा होता.