वीसवरचा काटा

लुधियाना, रविवार

प्रिय रत्न्या,

कागद बघून हसू नकोस. नववीत शाळा सोडली तेव्हाचंच अक्षर आहे हे. फोन केला असता, पण फोनवर तू विषय बदलतोस, आणि कागद कसा, दुसऱ्याला दाखवता येतो. तुझ्या बायकोने, संचिताने कळवलं की एक तारखेपासून तू नौपाड्यात कुठल्यातरी ऑफिसच्या गेटवर बसणार. तुझे कुंडलिककाका थकले, आपण दोघं काम शिकलो ते विठ्ठलवाडीचं रेडिएटरचं दुकान तुझ्याऐवजी हाताखालच्या विकीच्या हवाली करतायत, आणि तूच त्यांना बोललास म्हणे, माझ्या हाताला अंदाज नाही, मला नको. तेव्हापासून माझं इथे कशात मन नाही.

इथलं ऐक. आमचे मालक गुरजंट सिंग शर्यतीचे ट्रॅक्टर बांधतात. मागे वजन लावायचं, जो लांब ओढत नेईल तो जिंकला. वीस-पंचवीस सेकंदांचा खेळ. यंदा त्यांनी मोठा टर्बो बसवला. टर्बो हवा कोंबतो, पण कोंबलेली हवा तापते, एकशे ऐंशी डिग्रीपर्यंत. तापली की विरळ होते, मग डिझेल नीट जळत नाही, नुसता काळा धूर. म्हणून मध्ये इंटरकूलर, हवा गार करायला. तो केवढा घ्यायचा हे ठरवायचं काम माझ्यावर आलं, कारण मी मुंबईकडचा, म्हणजे शिकलेला असणार असं त्यांना वाटतं. मी पण गप्प बसलो. गप्प बसायची मला सवयच आहे.

मालक म्हणाले, ट्रकचा सगळ्यात मोठा आण. आणला. आता ट्रॅक्टर रांगत जातो, समोरून वारा यायचा कुठून? म्हणून कूलरभोवती पेटी करून बर्फाचं पाणी फिरवलं. हवा गार झाली, पण इंजिन उशिरा जागं व्हायचं. आत जाताना दाब पस्तीस पौंड, बाहेर येताना एकोणतीस. सहा पौंड कूलरच्या नळ्यांच्या जाळीतच मेले. छोटा लावला तर दाब राहिला, पण हवा शंभरच्या खाली येईना. चार दिवस दोन्हीकडे दाबाचे काटे लावून मी नुसता बघत बसलेलो. मग तुझं आठवलं. आपण डंपरचा कूलर साफ करत होतो तेव्हा तू बोललेलास, "हवेला थंडी पाहिजे, तशी वाट पण पाहिजे रे." काका किती हसलेले, म्हणाले, रत्नदीप महाराजांचं प्रवचन सुरू झालं. मी तोंडाला रुंद आणि अंतराला आखूड अशी जाळी बनवून घेतली, म्हणजे नळ्या जास्त, प्रवास थोडा. दाब दोनच पौंड पडला, हवा पंचावन्नवर आली. मालकांनी पाठ थोपटली. मी तुझं नाव सांगितलं, पण त्यांना इथे कोण रत्नदीप ते काय कळणार.

एक सांगायचं राहिलं. बसवायच्या आधी ती जाळी गळते का बघायची होती. आपल्या दुकानासारखंच, दोन्ही तोंडांना बूच, बुचावरून तार आवळायची, वीस पौंड हवा सोडायची आणि हौदात बुडबुडे शोधायचे. मी तार आवळली. ओढून बघितली. परत आवळली. मग हवेच्या कॉकवर हात ठेवला तो फिरेचना. शेवटी मालकांनीच फिरवला.

तो दिवस तुला आठवतोच. मला कोपरला मॅचला जायचं होतं, एक पाय दुकानाबाहेर. तू हौदावर वाकलेलास, हात कॉकवर. "बांधलंस?" तू विचारलंस. मी म्हणालो, "बांधलंय, सोड." बूच उडालं ते थेट तुझ्या डाव्या डोळ्यावर. काका चहावरून धावत आले, म्हणाले, हवा जास्त सोडलीस. तू रुमालाखालून मान हलवलीस. नौपाड्याच्या दवाखान्यात बाकावर बसून पण तेच, माझाच हात चुकला. मी तुला पाणी आणून दिलं. त्यानंतर तू कधी कॉकला हात लावला नाहीस, आणि मी वर्षाच्या आत पंजाबला पळालो. सगळ्यांना वाटलं, मयूरच्या पायाला भिंगरी आहे.

रत्न्या, काटा वीसवर होता. मी बघितलेला. बरोब्बर वीस, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. तुझा अंदाज चुकलेला नव्हता. तार मी बांधलीच नव्हती, ती माझ्या पँटच्या खिशात होती. हे पत्र काकांना दे, विकीसमोर मोठ्याने वाचून दाखव. ते भेटायला बोलावतील तर मी येईन, तोंड दाखवू नको म्हणाले तर ते पण बरोबर. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पण एक तारखेला त्या गेटवर जाऊ नकोस, दुकान उघड. ती तार पाच वर्षं माझ्याकडे होती. पाकिटात घालून पाठवतोय.

अजून म्हणवून घेता येत असेल तर
तुझाच,
मयूर