तळ्यातला मासा कोणाचा

दरभंगा, माघ शुद्ध षष्ठी

चि. सुनैना हिस मुक्तिनाथ काकांचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. थंडी ओसरली; तुझ्या काकूचे गुडघे तेवढे कुरकुरतात. माझे कथापुस्तक प्रसिद्ध झाले, विद्वत्सभेने मस्तकी मानाचा पाग ठेवला, हे कानी आलेच असेल. बुडालेल्यांची अखेरची वाक्ये सांभाळणारा तळ्यातला मासा सर्वांस फार भावला. 'हे कोठून सुचले?' या प्रश्नाला मी 'पुराणांच्या चिंतनातून' असे उत्तर दिले.

ते पुरते खरे नव्हते. गतवर्षी कंबर मोडून पडलो असता, तू टाकून गेलेल्या परदेशी अद्भुत कादंबऱ्या दोष काढण्यासाठी हाती घेतल्या. उडत्या नगरांत इतका रमलो की उठल्यावर लेखणीच धरली.

काल सरस्वतीपूजनासाठी ग्रंथ मांडताना तुझी जुनी वही सापडली. त्या दिवशी वाचू नये, हा नियम आयुष्यात प्रथमच मोडला. चौथ्या पानावर तोच मासा.

ती वही मी बारा वर्षांपूर्वी वाचली होती, हे विसरलो होतो. मासा विसरलो नव्हतो.

तेव्हा पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "हे परक्यांच्या पानातलं उष्टं आहे." तू म्हणालीस, "काका, खाल्लेल्या अन्नाचं रक्त झालं, की त्याला कुणी उष्टं म्हणतं का?" पाहुणे हसले. मीही हसलो. त्यानंतर तू लिहिले नाहीस.

दूध वासराचे उष्टे, मध मधमाशीचा. दोन्हींनी मी नित्य शाळिग्रामास स्नान घालतो. तरी मला कळले नाही. त्या परदेशी कादंबऱ्यांनी तुला केवळ दार दाखवले होते. आत कमला नदीच्या पुरात गेलेली तुझी आई होती.

काकू म्हणाली, "आधी पोरीची विहीर बुजवलीत, आणि आता तिच्याच पाण्यावर पाग मिरवताय होय!"

पाग परत केला. सभेस सत्य कळवले. प्रकाशकांस दुसरी आवृत्ती थांबवण्यास लिहिले. वही सोबत आहे. मासा मुलीला आईचे वाक्य सांगणार, तेथेच तुझी कथा थांबते. माझ्या पुस्तकात त्या जागी मी एक उपदेश घातला. तो खोटा आहे. ते वाक्य मला ठाऊक नाही.

लिही, असे सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे. तरीही ते वाक्य ऐकण्यासाठी थांबलेला,

तुझा वाचक,
मुक्तिनाथ झा