उलट मांडलेले गोळे

सोम., २६ जाने.
झेंडावंदन, मग क्लबहाउसात मुलांचं विज्ञान प्रदर्शन. आमची चिनू नि तिची मैत्रीण सई, दोघी अकरावीत, बालवाडीपासून गळ्यात गळा. सोडियम ते क्लोरीन, सात अणूंचे शाडूचे गोळे केलेले. पुढे नावांच्या चिठ्ठ्या. डावीकडे सर्वांत मोठा गोळा, उजवीकडे सर्वांत छोटा. चिनू साडी बदलायला घरी गेली, टेबल सईकडे. ती जरा पाणी प्यायला गेली नि मी पोचलो. म्हटलं, कार्ट्यांनी घाईत उलटं मांडलं! सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन, क्लोरीनचे सतरा. सतरावाला छोटा कसा? चिठ्ठ्या तशाच ठेवून गोळे फिरवले. बापाचा हातभार.
परीक्षक राणेकाका, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून निवृत्त. वाकून बघितलं. "अगं, पूर्ण उलटं आहे हे." साडी बदलून आलेली चिनू सगळ्यांदेखत सईवर: "तुला सांभाळायला ठेवलं होतं ना? हात कशाला लावलास? अक्कल नाही तर!"
"आईशपथ, मी नाही गं!"
मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

मंगळ., २७
चिनूचं पुस्तक चोरून वाचलं. एका ओळीत कवचं तेवढीच, पण केंद्राची ओढ वाढत जाते, म्हणून उजवीकडे अणू आक्रसतो. खाली गेलं की नवं कवच, मग मोठा. शिवाय इलेक्ट्रॉन देणारा लहान होतो, घेणारा फुगतो. सोसायटीच्या कमिटीवर झकास जमलं असतं हे. दर आठवड्याला लोकांच्या अज्ञानाची सालटी काढतो ना आपण, पेपरातल्या विनोदी सदरात. या आठवड्याचं अजून कोरं.

शुक्र., ३०
चिनूनं सईला ब्लॉक केलंय. कॉलेजला रिक्षासुद्धा वेगळी. बायको म्हणाली, "वयच तसं, होईल ठीक." पटलं. किती पटकन पटलं!

शनि., ३१
लिफ्टमध्ये सईची आई. "भाऊजी, पोरगी धड जेवत नाहीये ओ. तुम्ही बोला ना चिनूशी, तुमचं ऐकते ती."
"बोलतो ना, वहिनी."
चौथ्यावरच उतरलो. आमचा सातवा.

रवि., १ फेब्रु.
चिनूला सांगितलं.
"तू? बाबा, तू?" मग, "मी तिला काय काय बोलले, तू तिथेच उभा होतास ना?"
"मला वाटलं होतं की..."
"मला नको सांगूस. तिला सांग. आत्ता जा."
गेलो. दार सईनंच उघडलं. उंबऱ्यावरच बोललो सगळं, एकही कोटी न करता. तिनं नीट ऐकून घेतलं.
"काका, तुम्ही स्वतःहून आलात, की चिनूनं पाठवलं?"
स्वतःहून म्हणायची फार इच्छा झाली.
"चिनूनं."
"बरं," म्हणाली नि दार लावलं. आपटलं नाही.
घरी चिनू दारातच. "काय म्हणाली?"
"बरं म्हणाली."
"म्हणजे? कसं म्हणाली? नीट सांग ना रे, बाबा!"