काकांनी वाचलेल्या चिठ्ठ्या

काका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की खाली मेडिकलमध्ये औषधं काढून देणाऱ्या मुलींना तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत आहात. दुकान आता तुमचा मुलगा चालवतो, काउंटरवर कॉम्प्युटर आलाय, माझ्या अक्षराला आता तिथं कुणी नावं ठेवत नाही. मी मात्र अजून त्याच जिन्यानं वर जाते, त्याच खोलीत पेशंट बघते. आज दुपारी दवाखाना आटोपल्यावर घरी न जाता हे लिहायला बसले, कारण तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मंगळवार पेठेत तुमच्या दुकानावरच्या खोलीत मी दवाखाना टाकला, तेव्हा पहिले कित्येक महिने वर फारसं कुणी येत नव्हतं. वडील सरकारी दवाखान्यात शिपाई, आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर. आलेली माणसं टेबलावरची लहानशी बुद्धमूर्ती बघायची, मग माझं आडनाव विचारायची, आणि त्यातली काही परत यायची नाहीत. पेशंट नसायचे, पण औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, एम.आर., यायचे. इस्त्रीचा शर्ट, हातात जड बॅग, आणि बोलायला इतकी नम्र मुलं. मी मोकळीच बसलेली असायचे, तरी ते बाहेर बाकावर थांबायचे, दार वाजवून “येऊ का मॅडम?” म्हणायचे. त्या दिवसांत मला इतक्या आदरानं मॅडम म्हणणारे तेवढेच होते. त्यांनी दिलेलं पेन माझ्या खिशात, त्यांनी दिलेलं घड्याळ माझ्या भिंतीवर. मला कुणी विकत घेतलंय असं मला कधी वाटलं नाही. मला बरं वाटायचं, एवढंच. आणि चिठ्ठी लिहायला बसले की ज्या औषधाचं नाव सकाळी गोड आवाजात ऐकलेलं असायचं तेच आधी हाताला यायचं.

तरी सुरुवातीला मी चिठ्ठी लहान लिहायचे. मग ते हुपरीचं प्रकरण झालं. चांदीकाम करणारा एक माणूस दोन वर्षांच्या मुलाला घेऊन एस.टी.नं आला होता. सर्दी, थोडा ताप. मी छाती तपासली, स्वच्छ होती. शिकले होते तसंच वागले, तापाचं औषध दिलं आणि “काही वाटलं तर परत आणा” म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी ते मूल न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलमध्ये दाखल झालं. मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभी राहत होते. मूल वाचलं. घरी सोडलं त्या दिवशी बाप सरळ माझ्या दवाखान्यात आला. बाकावर माणसं बसलेली. तो दारातूनच ओरडला, “औषध लिवायला हात मोडलाता काय ओ बाई तुमचा?” बाकावरचे दोघं उठून जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून माझा हात जोरात चालायला लागला. नाक वाहतंय, लिही अँटिबायोटिक. घसा लाल, लिही. काहीच सापडत नाही, मग तर लिहीच. वर टॉनिक, वर खोकल्याचं सिरप, म्हणजे आईबापांना दिसावं की डॉक्टरीणबाईंनी काही बाकी ठेवलं नाही. बाकावर गर्दी वाढली. मला वाटलं, आता मला डॉक्टरकी जमली.

खाली तुम्ही चिठ्ठ्या वाचत होता. सुरुवातीपासून तुम्ही अधूनमधून चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहून पेशंटबरोबर वर पाठवायचा: डोस बघा, हे म्हातारीला जड हुईल, ही गोळी उपाशीपोटी देऊ का. मला ते आवडायचंही आणि टोचायचंही. मग एका दुपारी तुम्ही स्वतः वर आलात. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, जिना चढून दम लागलेला.

“बाई, एक इचारू? राग न्हाई न्हवं येणार?”

“विचारा की.”

“म्हैनाभर बगतोय. तुमच्याकडनं खाली येणारं एकबी पोरगं त्या अँटिबायोटिकशिवाय न्हाय. पयलं तुमची चिठ्ठी दोन ओळींची असायची. आता उलटी करून वाचाय लागती.” आणि मग ते वाक्य बोललात. “ही औषधं पोरांस्नी न्हाईत बाई. भ्या तुमास्नी वाटतंय, आन औषध पोरगं गिळतंय.”

मी उभी राहिले. म्हटलं, “तुम्ही दुकानदार आहात. दुकानदारानं डॉक्टरला शिकवायचं नसतं.” तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं बोलले, “पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या डॉक्टरांना हे जाऊन सांगाल? की मी वस्तीतली पोर म्हणून मला सांगताय?”

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही खोटं बोलला नाहीत. म्हणालात, “न्हाय. त्यास्नी न्हाय सांगणार. ते ऐकत न्हाईत. तुमी ऐकशिला असं वाटलं. चुकलं माझं.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेलात.

त्या उत्तराचा मी पुढं पुष्कळ विचार केला, काका. तरुण बाई, त्यातून वस्तीतली, तिला बोलणं सोपं, हेही त्यात कुठंतरी असेल. आणि ही ऐकेल असा विश्वासही असेल. माणसाच्या मनात दोन्ही एका वेळी राहू शकतात, हे मला आज कळतं. तेव्हा मला एकच ऐकू आलं होतं.

मग चिठ्ठ्यांच्या मागचं तुमचं लिहिणं बंद झालं. मी लिहायचे, तुम्ही द्यायचा. “मॅडमनी लिवलंय न्हवं? मग घ्या,” एवढंच तुम्ही पेशंटला म्हणायचा, असं मला कुणीतरी सांगितलं. मी जिंकले होते. येता-जाता तुमच्या दुकानाकडं न बघता जिना चढायची सवय मी लावून घेतली होती.

असे काही महिने गेले. पुढचा तो सोमवार मला अजून समोर दिसतो. मुरगूडहून आलेली एक म्हातारी माझ्यासमोर बसली आहे. शुगरची जुनी पेशंट. “गोळी संपाय आलीया, लिवून द्या,” म्हणते. मी आधीची चिठ्ठी मागते, तर ती म्हणते घरात राहिली. बाहेर बाक भरलेला आहे. सकाळीच एक एम.आर. येऊन शुगरच्या नव्या गोळीबद्दल बोलून गेलाय, त्याचंच पेन माझ्या हातात आहे. मी ती गोळी लिहिते, दिवसातून दोनदा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारते. म्हातारीला वाटतं, बाईंनी आधीच्या गोळीच्या जोडीला आणखी एक दिली.

थोड्या वेळानं दारात तुम्ही. मागं ती म्हातारी. आपलं बोलणं तुटल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच वर आला होता. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तुम्ही म्हणालात, “मॅडम, ही गोळी आज आपल्याकडं न्हाय बगा. दुसरं काय चालंल काय?” आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीत. चिठ्ठीखाली गोळ्यांची दोन पाकिटं होती. एक अर्धं संपलेलं, म्हातारीच्या कनवटीचं. दुसरं कोरं, तुमच्या दुकानातलं, तुम्ही नुकतंच जे नाही म्हणालात तेच. दोन्ही पालथी घातलेली, आणि दोन्हींच्या मागच्या बारीक अक्षरांखाली पेन्सिलीची रेघ. नावं कंपन्यांनी दिलेली वेगवेगळी, आतलं औषध एकच. त्या म्हातारीनं दोन्ही घेतल्या असत्या. तिचा मुलगा आणि सून दिवसभर शेतात असतात, हे ती मला मघाशीच सांगून गेली होती. शुगर उतरून ती घरात कुठंतरी पडली असती, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नसतं.

तुम्ही भिंतीकडं बघत उभे होता. बाकावरच्या कुणालाही काही कळलं नाही. मी नवी चिठ्ठी लिहिली, जुनीच गोळी, जुनाच डोस, आणि म्हातारीला जवळ बसवून दोनदा समजावलं. तुम्ही “बरं मॅडम” म्हणालात आणि तिला घेऊन खाली गेलात.

दुपारी मी खाली आले ती माफी मागायला. तुम्ही स्टूल पुढं सरकवलंत, चहा सांगितलात. माझ्या तोंडातून निघालं ते, “गुडघा फार दुखतो का हो?”

“चढताना दुखतो. उतरताना काय न्हाय.” चहा आला. मग तुम्ही म्हणालात, “शनवारी दुपारी मोकळ्या असता की तुमी. तासभर हितं येऊन बसत जावा. चिठ्ठ्या वाचू.”

मी औषधांबद्दल कॉलेजात जेवढं शिकले त्यापेक्षा औषध लिहिणाऱ्यांबद्दल त्या स्टुलावर जास्त शिकले. चिठ्ठीचा वरचा भाग तुम्ही अंगठ्यानं झाकायचा. डॉक्टर कोण ते बघायचं नाही, का लिहिलं असेल ते ओळखायचं. एकाच सर्दीला तीन गल्ल्यांतून तीन तऱ्हेचे गठ्ठे. “ह्यो घाईत हाय,” तुम्ही म्हणायचा. “ह्यो कंपनीच्या पावण्यासंगं नुकताच गोव्याला जाऊन आलाय. ह्यो पेशंटला भितोय, सुई न्हाय मारली तर गडी उद्या दुसरीकडं जातोय.” एकदा झाकलेली चिठ्ठी माझीच निघाली. अक्षर मी ओळखलं. तुम्ही नुसता अंगठा उचललात.

तुम्ही साधू नव्हता, आणि तसं दाखवतही नव्हता. माझ्यादेखत तुम्ही बिनचिठ्ठीच्या बायांना कागदाच्या पुडीत दोन-दोन गोळ्या बांधून द्यायचा. मी चिडले तर म्हणालात, “ती बाई तुमच्याकडं यायची न्हाय. रोजगार बुडतोय तिचा. मग मी काय करू, तिला तशीच धाडू?”

एक-दोन वर्षांनी तो हुपरीचा माणूस परत आला. या वेळी कडेवर धाकटी मुलगी. सर्दी, थोडा ताप, छाती स्वच्छ. मी त्याच्याकडं बघेना, तर तोच म्हणाला, “तवा रोज दवाखान्यात येऊन हुबं राहत हुता तुमी. म्हणून आलो.” माझ्या हातात पेन होतं आणि हाताला अँटिबायोटिकच लिहायचं होतं. मी पेन खाली ठेवलं. मुलीचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून त्याच्याबरोबर तिचे श्वास मोजले. बारीक कामाची नजर त्याची, तो माझ्याआधी आकडा सांगत होता. कुठवर ठीक, कुठून धोका, बरगड्या कशा आत जातात, पिणं सोडलं तर काय, सगळं दाखवलं. मागच्या वेळी मी अँटिबायोटिक दिलं नाही ही माझी चूक नव्हती. हे सांगितलं नव्हतं ती होती. चिठ्ठीत दोनच ओळी लिहिल्या. तो उठताना म्हणाला, “आन न्हाय उतरला ताप तर?”

“तर उद्या पहिल्या गाडीनं या. रविवार असला तरी मी इथं आहे.”

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. मला जेवण जात नव्हतं. चौथ्या दिवशी कुठलीतरी पेशंट वर येताना तुमचा कागद घेऊन आली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: “हुपरीवाला साबण न्यायला आलता. पोरगी बरी हाय. जेवा आता.” त्यानंतर चिठ्ठ्यांच्या मागचं तुमचं लिहिणं पुन्हा सुरू झालं.

माझे पेशंट कमी झाले, मग हळूहळू परत वाढले, सगळे काही परत आले नाहीत. तुम्ही शेवटचे हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा मी भेटायला आले. तुम्ही चष्मा लावून स्वतःचाच केसपेपर वाचत होता. म्हणालात, “ह्यो डाक्टर बरा हाय. चारच ओळी लिवल्यात.” आपण हसलो. तेव्हा ती राहिलेली माफी मागता आली असती. मी उशी सारखी केली आणि निघाले.

काका, आता माझ्याकडं शिकाऊ डॉक्टर मुलं-मुली येऊन बसतात. त्यांना मी मुरगूडच्या म्हातारीची गोष्ट नेहमी सांगते. दोन पाकिटं, दोन नावं, एकच औषध. गेल्या आठवड्यात सांगून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, “पण मॅडम, इतक्या गर्दीत तुमच्या लक्षात कसं आलं?” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी तुमचं नावच घेतलेलं नाही. माझ्या गोष्टीत ती पाकिटं मीच उलटून बघते. जिना चढून कुणी येतच नाही. ती मुलगी वहीवर पेन टेकवून थांबली होती. आणि काका, मी तिला म्हटलं, “सवयीनं.”

तिनं तेच लिहून घेतलं.