मामीचा मुक्काम लांबण्याबाबत

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कुरकुरत नसेल आणि स्वतःच्या हातचं जेवण एव्हाना अंगवळणी पडलं असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत, मामीही मजेत (तिच्या दाताचं शेवटी सांगतो).

दुकानाचं मात्र मध्यंतरी कठीण होऊन बसलं होतं. माणसं येत, टोपली भरत, काउंटरपाशी आली की रांग बघत आणि टोपली तिथेच टाकून चालू पडत. झाडूंच्या मागे दूध आणि साबणांवर अंडी सापडायला लागली. मालकांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की तीस तारखेपर्यंत हे थांबलं नाही तर व्यवस्थापक म्हणून दुसरा माणूस येईल आणि मी परत गोदामात जाईन. (शांतपणे बोलणारा मालक फार वाईट. ओरडणाऱ्याचा निदान घसा तरी बसतो.)

मी काही हातपाय गाळले नाहीत. पाच वस्तूंपर्यंत घेणाऱ्यांसाठी वेगळा काउंटर काढला. दुसऱ्याच दिवशी एका घरातली सहा माणसं पाच-पाच वस्तू घेऊन तिथे उभी राहिली, आणि सासू-सुनेने आपण एकमेकींना ओळखत नाही असं मला तोंडावर सांगितलं. (दोघींचं इतकं एकमत घरी कधी झालं नसेल.) मग रांगेत खुर्च्या मांडल्या, तर लोक खुर्च्यांचीच किंमत विचारायला लागले. एक आजोबा चक्क झोपी गेले, त्यांना उठवायचा धीर कुणाला होईना, आणि मागची अकरा माणसं निघून गेली.

अशात दातासाठी आलेली मामी झाडू घ्यायला दुकानात आली आणि रांगेत सोळावी उभी राहिली. तिला गप्प उभं राहता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त केलात आणि खालच्या बिऱ्हाडाला घरात छत्र्या उघडाव्या लागल्या, ती हकिकत तिने सुरू केली. मामा, एक माणूस हलला नाही. उलट काउंटरपाशी पोचलेले लोक मागच्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणायला लागले, कारण हकिकतीत प्लंबर अजून यायचा होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी तिला रांगेत उभी करतो (हातात तोच झाडू असतो, उगाच संशय नको). आता तिला अंदाजही आलाय, त्या दिवसापुरती हकिकत बरोबर बिलापाशी संपवते. नऊ दिवसांत एकही टोपली मागे राहिलेली नाही. काल मालक माझ्याकडे बघून हसले. फार हलकं वाटतंय, खरंच.

तुमचा (अजून व्यवस्थापक असलेला) भाचा

ता.क. : मामीचा दात काढून आठवडा झाला. डॉक्टर सोडत नाहीत असं फोनवर म्हणालो, ते खोटं होतं. पण तीस तारखेपर्यंत तिला राहू द्या. नळाचं आता संपत आलंय, तेव्हा तुमच्या हातून आणखी काही बिघडलं असेल तर तपशीलवार कळवा.

ता.क. २ : अहो, हे मी लिहितेय. पत्र टेबलावर उघडंच होतं, म्हणून वाचलं. पोराचं काम होऊ दे, मग येते. घरी मी बोलायला लागले की तुम्ही उठून आत जाता. इथली माणसं हातात ओझं घेऊन उभ्याने माझं ऐकतात. तुम्ही खुर्चीत बसून ऐकलंत तरी चालेल.